डोक्यागणिक पाणी

"ज्याची भूक मोठी, त्याच्या पुढ्यात गरे जास्त! कुनी कुरकुर करायची नाय!"

खेडजवळच्या घरी, पडवीत फणस फोडताना सरूआत्याचा हा आवाज सगळ्या पोरांच्या डोक्यांवरून फिरायचा. तेल लावलेल्या हातांनी ती गरे वाटायची आणि सगळ्यात मोठा वाटा रोडक्या दत्तूपुढे पडायचा. दत्तूला तेव्हा ही व्यवस्था अतिशय न्यायाची वाटे!

तोच दत्तू पुढे दत्ताराम मांडवकर झाला, फोर्टातल्या एका कचेरीत हेडक्लार्क झाला आणि भाईंदरमधल्या गोडदेवच्या 'सरिता दर्शन' सोसायटीचा अध्यक्षही झाला. नावात सरिता, पण नळाला पाणी दिवसाआड, आणि तेही करंगळीएवढं. बाकी सगळी भिस्त टँकरवर. या टँकरचा खर्च कुणी किती सोसायचा, यावर गच्चीवरच्या सभांत जेवढा विचार झाला असेल तेवढा दिल्लीतही झाला नसेल.

सुरुवातीला दत्तारामच्या घरात दोन भाऊ, त्यांच्या बायका, त्यांची पोरं. तेव्हा तो सभेत मूठ आवळून गरजला होता, "पाणी ही निसर्गाची देणगी! घरटी समान वाटणी! माणसं मोजणं ही सावकारी झाली!" टाळ्या पडल्या.

पुढे भाऊ नालासोपाऱ्याला गेले. घरात उरले तो, बायको सुचेता आणि मुलगी मिनल. आणि काय चमत्कार! भावांच्या ट्रंकांबरोबर त्याचे विचारही जिना उतरून गेले.

"जो वापरील तो भरील!" पुढच्याच सभेत तो म्हणाला. "फुकटेपणा बंद! माणशी पट्टी!"

पहिल्या मजल्यावरचे चंदनभाई ताडकन उठले. त्यांचं घर मटारच्या शेंगेसारखं माणसांनी भरलेलं. "दत्तारामभाई, आ अन्याय छे! कुटुंब मोठं असणं काय गुन्हा आहे?"

पण ठराव झालाच. वर दत्तारामने स्वतःच्या हाताने कलम घातलं: पाहुणा तीन दिवसांहून जास्त राहिला, तर त्याचीही पट्टी. लपवला तर दुप्पट. आणि पदाधिकाऱ्याने लपवला तर पद गेलं!

"कायदा कसा हवा? लोणच्याच्या बरणीसारखा! मुंगीसुद्धा शिरता कामा नये!" घरी येऊन त्याने सुचेताला ऐकवलं.

मे महिन्यात मुंगी आली.

"दत्तू! अरं, दार उघड! हात भरलेत माजे!"

दारात सरूआत्या! मागे मुलगा, सून, चार नातवंडं, आंब्याच्या पेट्या आणि कोकमाच्या आगळाच्या बाटल्या. नायगावला कुणाचं तरी लग्न होतं. लग्न दुसऱ्या दिवशीच लागलं, पण आत्या म्हणाली, "आता आलेच हाय तर ऱ्हाते म्हैनाभर. तुजं त्वांड बगून किती वर्सं झाली!"

दत्तारामचे डोळे पाणावले. त्या पाण्यावर अजून पट्टी नव्हती.

चौथ्या दिवशी सुचेता म्हणाली, "अहो, खजिनदार काशीनाथकाकांकडे सात माणसांची पट्टी भरून टाका ना!"

"हळू बोल! आत्याला कळलं तर? हिने मला गरे भरवले आणि मी हिचं डोकं मोजून घेतो? पुन्हा उंबरा चढायची नाही ती! शिवाय तो चंदनभाई वर्षभर हसत बसेल, ते वेगळंच."

"मग काय करणार?"

"लपवणार!"

बाईमाणूस असं लपवणं सोपं नसतं. आणि सरूआत्या म्हणजे तर साक्षात पालखी! जाईल तिथे आवाज आधी. "खाली कुत्री फार पिसाळलीत, आत्या, उतरू नकोस," असं सांगून तो कचेरीत गेला. संध्याकाळी येऊन बघतो तर तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या गॅलरीतून आत्याचं हिरवंगार नऊवारी लुगडं थेट चंदनभाईंच्या गॅलरीपर्यंत लोंबत होतं. जणू इमारतीनेच पदर सोडला होता!

"शुं छे आ?" चंदनभाई खालून विचारत होते. "भाभी नऊवारी नेसायला लागल्या?"

"पडदा आहे, पडदा! उन्हाचा!"

"पडद्याला काठ?"

"फॅशन आहे!"

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्या पाणी भरायला उठली. बादलीत धार पडायला लागली आणि तिचा गळा आपोआप सुटला. जात्यावर घासून गुळगुळीत झालेला गळा! अख्ख्या जिन्यात ओवी घुमली.

भाईंदर गावामंदी उंच बाई माडी
माज्या दत्तूच्या शब्दावर येते पान्याची गाडी!

दूध आणायला निघालेला दत्ताराम जिन्यातच गोठला. समोर खजिनदार काशीनाथ. तळमजल्यावरचा निवृत्त माणूस, नाकावर चष्मा, बोलणं मोजकं.

"गोड आवाज आहे हो. कोण?"

"रेडिओ! रेडिओ लावलाय मिनलने!"

"अस्सं?" काशीनाथने चष्मा वर सरकवला. "रेडिओवर तुमचं नाव आलं. मोठे झालात, अध्यक्ष!" आणि खोकत खोकत तो घरात गेला. खोकला होता की आणखी काही, देव जाणे.

त्या दिवसापासून दत्तारामला झोप नाही. शेवटी त्याने त्याच्या नेहमीच्या वाटेने तोडगा काढला. विचार बदलले! रविवारी तातडीची सभा लावली आणि गच्चीवर उभा राहून तो सद्गदित आवाजात म्हणाला, "मित्रहो, मी खूप चिंतन केलं. डोकी मोजून पाणी देणं माणुसकीला धरून नाही. पुन्हा घरटी समान वाटणी करावी, असा माझा प्रस्ताव आहे."

त्याला वाटलं, चंदनभाई उठून मिठीच मारतील. चंदनभाई उठले खरे.

"नाय चालेल! जो वापरील तो भरील! फुकटेपणा बंद!"

"अहो, हे माझं वाक्य आहे!"

"बराबर छे. पण मला ते आता पटलं!"

गच्चीवर खसखस पिकली. चंदनभाईंची दोन्ही मुलं बायकापोरांसकट गेल्याच आठवड्यात मीरा रोडच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेली होती!

"चंदनभाई, कुटुंब मोठं असणं काय गुन्हा आहे?" दत्ताराम ओरडला.

"आ तो मारुं वाक्य! पाछुं आपो, परत द्या!"

दोघे एकमेकांची जुनी भाषणं एकमेकांच्या अंगावर फेकत होते, तेवढ्यात जिन्याचं दार करकरलं.

"दत्तू, घसा सुकला असंल रं तुजा. किती वरडतोस!"

सरूआत्या! हातात कोकम सरबताचं पातेलं. मागे मुलगा, सून आणि ग्लास घेतलेली चारही नातवंडं, अशी वरात गच्चीवर आली. चंदनभाईंचं बोट हवेत उठलं आणि एकेका डोक्यावर टेकत चाललं.

"पडदा चालत आला!" ते म्हणाले.

सगळे दत्तारामकडे बघत होते. मनात त्याने तीन-चार थापा चाचपून पाहिल्या. शेजारचे पाहुणे? कामवाल्या बाईंचे नातेवाईक? तेवढ्यात आत्याने पहिला ग्लास भरून त्याच्याच हातात दिला. हात लाल, आगळाने भिजलेला. थापा घशातच विरघळल्या.

"ही माझी सरूआत्या," तो म्हणाला. "आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. ही सातही माणसं माझी. मीच लपवली. आत्या, इथे माणसं मोजतात गं... आणि मोजायचा कायदा मीच केला. तुला ते कळू नये म्हणून... जाऊ दे. दुप्पट पट्टी भरतो. खुर्ची घ्या."

आत्या शांतपणे सरबत वाटत राहिली. काशीनाथचा खोकला मात्र अनावर झाला. चष्मा काढून त्याने डोळे पुसले.

"अध्यक्ष, आता सांगूनच टाकतो. तुमचं ते 'हळू बोल' आत्याबाईंनी आतून ऐकलं होतं, चौथ्याच दिवशी येऊन पट्टी भरली. तुम्ही कचेरीत होतात. म्हणाल्या, 'दत्तूला बोलू नको, बिचारा मला लपवताना लई मेहनत घेतोय.' म्हणजे लपवाछपवी झालीच नाही. खुर्ची शाबूत आहे तुमची."

"भरली?" दत्तारामने ग्लास खाली ठेवला. "सातांची?"

"साडेसहांची. स्वतःचं त्यांनी अर्धंच डोकं लावून घेतलं. मी एक दिवसाआड न्हाते, म्हणाल्या. तासभर घासाघीस केली, मी हरलो."

"तो मारुं पण अर्धं डोकं लावा!" चंदनभाई ओरडले.

आत्याने रिकामं पातेलं सुनेच्या हाती दिलं आणि पदराला हात पुसले.

"आन् ऱ्हायलेलं बी सांग की रं, काशीनाथा! ह्या दत्तूचं दीड डोकं लाव, म्हन्लं मी. न्हानीत शिरला का भाईर निगत नाय मेला!"