नसलेल्या बायकांची जप्ती

राजा आणि धर्म यांचं भांडण नेहमी तत्त्वाचं असतं, आणि तत्त्वाच्या भांडणात जप्ती नेहमी तिसऱ्याच्याच घरी येते. आर्चबिशप कोणी नेमायचा यावरून इंग्लंडच्या राजाचं आणि पोपमहाराजांचं बिनसलं. पोपनी देशातल्या सगळ्या चर्चना कुलूप घातलं. राजानेही पूर्ण विचारांती उत्तर दिलं: पाद्र्यांच्या बायका जप्त करा.

अडचण एकच होती. धर्माच्या नियमाप्रमाणे पाद्र्याला बायको नसते, त्यामुळे देशात एकाही पाद्र्याला बायको नव्हती. तरी राजाचे शिपाई मोठे कर्तबगार. आमच्या परगण्यातून त्यांनी अशा नसलेल्या एकतीस बायका गाड्यांत भरून किल्ल्यावर नेल्या. (बत्तिसावी खरोखरच पाद्र्याची मावशी निघाली. परत पाठवताना तिने फार आरडाओरडा केला.)

डनस्टोक गावच्या पाद्री ऑस्बर्टची हॅविसही त्यांत गेली. आधी ऑस्बर्टने प्रार्थना केली. मग वाटाण्याचं कालवण करपलं. मग चार भाचे (चौघांची नाकं हुबेहूब मामासारखी, देवाची लीला) भुकेने भोकाड पसरून बसले, तेव्हा हॅविसवाचून आपलं पान हलत नाही हे त्याला कळलं. तो तडक किल्ल्याकडे निघाला.

पद्धत सोपी होती. बाई आपली कोण ते मोठ्याने सांगायचं आणि तिला घेऊन जायचं. फक्त कारकुनाच्या शेजारी बिशपचा माणूस कान टवकारून बसला होता. ‘बायको’ शब्द तोंडातून गेला की चर्चची जागा, घर आणि परसातली बदकं तिथल्या तिथे खालसा.

“या पाद्रीबाबा,” कारकून जर्व्हिस म्हणाला. “मावशी मात्र म्हणू नका. सकाळपासून अकरा मावश्या गेल्या. थोरली सव्वीसची होती.”

गजांआड हॅविस उभी होती. तिला पाहून ऑस्बर्ट दोन पावलं पुढे धावला, कारण त्याचा तिच्यावर खरंच जीव होता. मग त्याने बिशपच्या माणसाकडे पाहिलं.

“ही होय? ही तशी कुणी नाही हो. घरात असते.”

“काय करते?”

“करणार काय? असते आपली.”

“ऐकलंत ना, कारकूनदादा?” हॅविस म्हणाली. “मी काही करत नाही. बिअर गाळली जाते, ह्यांचे रविवारचे उपदेश रचले जातात, चार भाचे माझ्याच पोटी जन्मतात, सगळं आपोआप!”

बिशपचा माणूस नेमका तेव्हाच शिंकला, त्यामुळे त्याला काही ऐकू आलं नाही. (त्याचीही एक मावशी आत होती.)

“बेवारस वस्तू राजाची,” जर्व्हिसने निकाल दिला आणि हॅविसला किल्ल्याच्या मुदपाकखान्यात पगारी नेमलं. संध्याकाळपर्यंत तिने मुलांनाही बोलावून घेतलं. ऑस्बर्टच्या ब्रह्मचर्याबद्दल बिशपनी त्याचा जाहीर गौरव केला. घरी येऊन तो गार चुलीसमोर बसला आणि ढसाढसा रडला.

वाचकहो, त्याला खुशाल हसा. परवा लग्नाच्या पंगतीत कुणी विचारलं, “मिसेस काय करतात?” आपण म्हणालात, “काही नाही, घरीच असते,” आणि आणखी एक जिलबी मागितलीत. ती मागेच उभी होती.