चुन्याच्या अकरा चौकटी

कॅम्पच्या यादीत सहदेव घाडीच्या नावापुढे ‘शौचव्यवस्था’ असं लिहिलेलं होतं, आणि ते खानोलकर साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं असल्यामुळे त्यावर कुरकुर करायची सोय नव्हती. बाकीच्यांना बरी कामं आली होती. कुणाकडे चहा, कुणाकडे तंबू, अकाउंट्सच्या बाळ पेडणेकरकडे तर नुसता ट्रान्झिस्टर. सहदेवला फावडं, चुन्याची गोणी आणि एक वही मिळाली.

सहदेव मुलुंडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. नंदकिशोर खानोलकर तिथले सेफ्टी ऑफिसर. पण सहदेव त्यांना भ्यायचा तो सेफ्टीसाठी नव्हे. कारखान्याचं एक स्टाफ क्वार्टर रिकामं झालं होतं आणि ते कुणाला द्यायचं हे खानोलकर ठरवणार होते. सहदेवची घाटकोपरची चाळीतली खोली एक, आणि तीत आई, भाऊ धाकू, वहिनी, त्यांची तीन पोरं. सहदेव गॅलरीत झोपायचा, पाय शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर. दहा दिवसांपूर्वी त्याची बायको सुगंधा ट्रंक भरून भांडूपला भावाकडे निघून गेली होती. भांडली नाही, रडली नाही. जाताना एवढंच म्हणाली, “खोली झाली की बोलवा.” भांडली असती तर सहदेवला जरा बरं वाटलं असतं.

म्हणून तो कॅम्पला आला होता. खानोलकरांनी विहीर खणायला सांगितली असती तरी त्याने खणली असती.

पंच्याऐंशी साली सव्वीस जानेवारी शनिवारी आली, त्यामुळे दोन दिवसांची सुट्टी जोडून मिळाली. मुलुंडच्या डोंगराच्या पायथ्याशी, जंगल सुरू व्हायच्या आधी, सरकारी मोकळी जमीन होती. तिथे कारखान्यातल्या अकरा जणांचा कॅम्प पडला. आभाळ सकाळपासून काळं, ना पाऊस ना ऊन. तिथल्या गार्डने परवानगी देताना बजावलं होतं, की मागच्या महिन्यात एक पार्टी येऊन ओढ्याकाठी घाण करून गेली, आणि त्याच ओढ्याचं पाणी खालची वस्ती पिते. पोरं आजारी पडली. पुन्हा तसं झालं तर तुमच्या साहेबांचं नाव वर कळवीन.

खानोलकरांना हे पटलंच, वर आनंद झाला. त्यांच्याकडे कॅम्पिंगवरचं एक इंग्रजी पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं, की पाण्यापासून दोनशे फूट लांब जा, वीतभर खोल खड्डा खणा, काम झालं की माती लोटा, वर खूण करा, म्हणजे दुसरा माणूस तिथेच खणणार नाही. कोणाही शहाण्या माणसाला एवढं पुरलं असतं. पण खानोलकरांनी वीस वर्षं कारखान्यातल्या प्रत्येक बादलीवर नंबर घालण्यात घालवली होती.

“कोणी कुठेही बसायचं नाही,” ते म्हणाले. “प्रत्येकाला आपापली जागा. बारा बाय बारा. नंबरी. घाडी, दोरी लाव आणि चुन्याने आखून घे.”

सहदेवने दोरी लावली. दुपारपर्यंत त्या माळावर एका रांगेत अकरा चौकटी उभ्या राहिल्या, पांढऱ्याशुभ्र चुन्याच्या, चारी कोपरे काटकोनात. प्रत्येकीत मधोमध एक खुंटी, खुंटीला पत्र्याची पट्टी, पट्टीवर लाल रंगात आकडा. पट्ट्या त्याने स्टोअरमधूनच आणल्या होत्या, त्यामुळे त्या अगदी सरकारी दिसत होत्या. काम झाल्यावर त्याने चौकटींकडे पाहिलं आणि त्याला उगाच भरून आलं. त्याच्या घाटकोपरच्या खोलीपेक्षा एकेक चौकट दोन फुटांनी मोठी होती.

नियम असा होता की माणूस जाऊन आला की सहदेवने फावड्याने माती नीट झाली का ते पाहायचं, वर चुना भुरभुरायचा आणि वहीत नंबरासमोर वेळ लिहायची. त्यामुळे शनिवारची अख्खी संध्याकाळ सहदेव अर्ध्या खाकी चड्डीत, नाकावर चष्मा, काखेत वही, हातात मोजपट्टी, असा चौकटींमधून फिरत होता.

पाच वाजता वस्तीतला एक माणूस कॅन घेऊन पाण्याला आला. सीताराम त्याचं नाव, वस्तीत त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. त्याने कॅन खाली ठेवला, चौकटी मोजल्या, आकडे वाचले, मग सहदेवला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अदबीने विचारलं, की साहेब, हे काय चाललंय?

आता इथे सहदेवने खरं सांगून टाकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण चाळिशीच्या माणसाने अनोळखी माणसाला, तेही साहेब म्हणणाऱ्याला, आपण दहा जणांच्या शी-शूची नोंद ठेवतोय हे कसं सांगावं? आयुष्यात त्याला साहेब म्हणणारा हा पहिलाच. सहदेवने वही छातीशी धरली आणि म्हणाला, “काही नाही. ऑफिसचं काम आहे.”

“ऑफिसचं,” सीताराम म्हणाला. बस्स, एवढंच. मग कॅन न भरताच तो खाली पळाला.

रविवारी सहदेवला जाग आली ती गलक्याने. तो तंबूबाहेर आला. माळावर शे-दीडशे माणसं होती. अकराच्या अकरा चौकटींत माणसं बसली होती, ट्रंका घेऊन, गोधड्या घेऊन, एका चौकटीत तर म्हातारीला खाटेसकट आणून ठेवलं होतं. ज्यांना अकरांत जागा मिळाली नाही त्यांनी पुढे स्वतःच आखायला घेतलं होतं. त्यांच्याकडे चुना नव्हता, म्हणून राख, आणि राख संपल्यावर रांगोळी. आकडे साठपर्यंत पोचले होते. पण बारापासून पुढच्यांना काही भाव नव्हता. मारामारी चालली होती ती पहिल्या अकरांसाठी, कारण ते ओरिजिनल होते, साहेबाने स्वतः मोजून दिलेले.

दुसऱ्या बाजूला कॅम्पमधले नऊ जण हातात पाण्याचे डबे घेऊन रांगेत उभे होते. प्रत्येकाच्या चौकटीत एकेक कुटुंब चहा पीत होतं. बाळ पेडणेकर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत म्हणाला, “घाड्या, कायतरी कर रे. माझ्या जागेत एक बाई पोहे करतेय.”

खानोलकर तंबूच्या मागे घामाघूम होऊन उभे होते. त्यांनी सहदेवला दंडाला धरून बाजूला घेतलं. गार्ड दुपारी येणार होता. परवानगी खानोलकरांच्या नावावर होती. सरकारी जमिनीवर प्लॉट पाडून वाटले असा रिपोर्ट गेला असता, तर नोकरीला सहा वर्षं राहिली असताना त्यांची वाट लागली असती.

“हे तू केलंस,” ते म्हणाले. “तूच निस्तर. गार्ड यायच्या आत ही जमीन रिकामी दिसली तर उद्या सकाळी क्वार्टरची चावी माझ्या टेबलावरून उचल. नाहीतर तुझं नाव यादीतून गेलं.”

सहदेवला चावी डोळ्यांसमोर दिसली. मागोमाग सुगंधा दिसली. तो सरळ माणसांच्या मधे गेला, एका दगडावर चढला आणि त्याने खरं सांगितलं. पुस्तक, वीतभर खड्डा, दोनशे फूट, सगळं. कुठलीही लाज न ठेवता, कोण कोणत्या नंबरवर किती वेळा गेलं तेसुद्धा त्याने वहीतून वाचून दाखवलं.

माणसं हसायला लागली. इतकी हसली की खाटेवरची म्हातारी उठून बसली आणि काय झालं विचारू लागली.

“साहेब,” सीताराम डोळे पुसत म्हणाला, “हगायला बारा बाय बारा लागतं काय कुणाला? आम्ही अख्खा संसार दहा बाय दहात करतो.”

मुळात सहदेवलाही पहिल्यापासून हेच वाटत होतं. पण आता मागे फिरायची सोय नव्हती. त्याने फावडं घेतलं आणि सात नंबरमध्ये शिरला. तिथे प्रेमा नावाची बाई स्टोव्ह पेटवून पोहे परतत होती. सहदेवने तिला हात जोडले, स्टोव्ह उचलून बाजूला ठेवला, खुंटीशेजारी फावडं घातलं आणि एका फटक्यात पुरावा वर काढला.

पुरावा पाहून दोन माणसं मागे सरली. सहदेवला वाटलं, सुटलो.

प्रेमाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पुराव्याकडे पाहिलं, सहदेवकडे पाहिलं. “मेल्या, मी पहाटे चारला येऊन बसले. तेव्हा नव्हतं हे. माझा डोळा लागला तेवढ्यात आणून टाकलंस.”

मग जो तो बोलायला लागला. सीतारामने सांगितलं की मानखुर्दला त्याच्या मेव्हण्याने जागा धरली होती, तेव्हाही कुणीतरी तिच्यावर कचऱ्याची गाडी उलटी केली होती. हे असंच करतात. गरिबाने जागा सोडावी म्हणून घाण टाकतात आणि मग आपल्या माणसांना आत घुसवतात. आणि ज्या अर्थी हा एवढा शिकलेला माणूस सकाळी सकाळी फावड्यावर गू घेऊन फिरतोय, त्या अर्थी जमिनीत दम आहे आणि नंबर एकदम पक्के आहेत. हे सगळ्यांना पटलं. ज्यांचे पाय डळमळत होते तेही घट्ट बसले. साठावरचे आकडे नव्वदवर गेले.

खानोलकरांनी तंबू उतरवायला सांगितले. कॅम्पची माणसं सामान घेऊन घाईघाईने रस्त्याकडे निघाली, त्यांतले काही जण फारच घाईत. खानोलकर सहदेवपाशी क्षणभर थांबले. आवाज चढवला नाही. म्हणाले, “घाडी, क्वार्टर पेडणेकरला देतोय. तू हवं तर इथे बघ एखादी जागा,” आणि गेले.

माळावर सहदेव उरला. आभाळ अजून तसंच काळं. कुणीतरी त्याला चहा दिला, कारण काही झालं तरी नंबर त्याने घातले होते. तो कप घेऊन रांगेच्या कडेने चालू लागला, आणि चार नंबरशी त्याचे पाय थांबले.

चौकटीत सुगंधा बसली होती. बाजूला तिची ट्रंक. ट्रंकेवर तिचा भाऊ दशरथ, हातात काठी घेऊन.

दहा दिवसांत ती अर्धी झाली होती, पण चेहऱ्यावर असं तेज सहदेवने लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. पहाटे भांडूपला बातमी आली होती, की मुलुंडच्या डोंगराखाली जागा वाटतायत. वाटणारा अर्ध्या चड्डीत आहे, चष्मेवाला, फार मोजून काम करतो. तेव्हाच तिने ओळखलं होतं. तिने सगळ्यांना सांगितलं होतं की तो आपला नवरा आहे. तीन बायकांशी भांडून तिने ही जागा धरली होती. मघाशी तो दगडावर चढून काय बोलत होता ते तिला गलक्यात ऐकू आलं नव्हतं, पण भाषण करत होता हे तिने पाहिलं होतं आणि शेजारच्या बाईला दाखवलंही होतं.

सहदेव चुन्याच्या रेषेबाहेर उकिडवा बसला. दशरथला त्याने पाणी आणायला पाठवलं. मग हळू आवाजात, मान खाली घालून, त्याने तिला सगळं सांगितलं. चौकटी कशाच्या, खुंट्या कशाच्या, वही कसली. क्वार्टर गेलं हेही सांगितलं. बुधवारपर्यंत म्युनिसिपालिटीची गाडी येऊन हे सगळं साफ करणार हेही सांगून टाकलं, म्हणजे पुन्हा काही सांगायचं राहायला नको.

सुगंधा खुंटीकडे पाहत राहिली. आता ती उठेल, ट्रंक उचलेल आणि भांडूपच्या वाटेला लागेल, या वेळी कायमची, असं त्याला वाटलं. त्याने वही चुरगळली.

“ह्या कोणाचा?” तिने खुंटीपाशी लोटलेल्या मातीकडे बोट दाखवून विचारलं.

सहदेवला वही बघावी लागली नाही. “माझा.”

“नक्की?”

“नक्की.”

सुगंधाने पदर कमरेला खोचला. “चाळीत चाळीस माणसांच्या घाणीत नऊ वर्सां काढलंय मी,” ती चौकटीवर हात फिरवत म्हणाली. “हयसर एकट्याचा. तोय घरच्या माणसाचा.”

मग तिने इकडेतिकडे पाहिलं. पाच नंबरवाले वाद घालण्यात गुंतले होते. तिने बसल्या जागेवरून कडेचा चुना हाताने पुसला, वीतभर पलीकडे नवी रेघ ओढली आणि त्यावर ट्रंक सरकवून ठेवली. सहदेव उठून आत पाऊल टाकणार, तेवढ्यात तिने हात आडवा केला.

“चपला भायर काढा.”

सहदेवने चपला रेषेबाहेर एकाला एक लावून ठेवल्या आणि पाय कुठे टाकायचा ते नीट बघत अनवाणी आत गेला.