दामल्यांची उभी गादी

दामले भिंतीवर धडका मारतात. चुकून नाही, ठरवून. चष्मा माझ्या हातात देतात, पँट वर ओढतात आणि खांदा पुढे करून धावत सुटतात. भिंत जुन्या टायरांची असते, तिच्यापुढे उसाचं पाचट भरलेली पोती रचलेली असतात आणि हा सगळा थाट मोटारसायकलच्या शर्यतीत वळण चुकणाऱ्यांसाठी असतो. दामले आपटतात, उठतात, कपडे झटकतात आणि निकाल देतात. "चालेल" किंवा "हाड वाजलं." तिसरा शेरा त्यांच्याकडे नाही.

कात्रजला ते माझे शेजारी. कारखान्यानं त्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली. "स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती माझी," असं ते सांगतात. तेव्हापासून मांजरी गावाकडच्या माळावरच्या शर्यतींची भिंत त्यांच्याकडे आली. कुणी दिली नाही, त्यांनीच घेतली. कोण जिंकलं असं विचारलं तर म्हणतात, "सगळे घरी गेले." भिंतीला भिंत म्हटलेलं त्यांना खपत नाही. "उभी गादी म्हणा." प्रेक्षक नेमके तिच्यावरच चढून बसतात, कारण तिथून छान दिसतं. मग दामले खालून हात जोडतात. "अहो, ही जागा राखीव आहे. मोटारसायकल येतेय. आपण उतरताय, की तिला थांबायला सांगू?"

हिंजवडीत काचेच्या इमारती उठायला लागल्या तेव्हाची गोष्ट. एका कंप्युटर कंपनीनं शर्यतीला पैसे दिले होते, त्यामुळे मंडप, साहेब, टाय, सगळं आलं होतं. वळण मोकळं आहे अशी खूण म्हणून झेंडा वर करायचं काम दामल्यांनी माझ्या गळ्यात घातलं होतं. झेंडा वर झाला की शर्यत सुटणार. दामले धावले, आपटले आणि या वेळी लवकर उठलेच नाहीत.

"हाड वाजलं," ते खांदा धरून म्हणाले. "पोती भिजवलीत कुणी?"

भिजवली होती आमच्या संयोजकांनी, शिर्क्यांनी. पाचट उडून पाहुण्यांच्या चहात पडत होतं. म्हणून धुळीवर पाणी मारायला आलेल्या टँकरचा पाइप त्यांनी पोत्यांकडे वळवला होता. पाचट दबून घट्ट बसलं होतं.

"दामले, पाहुणे आलेत हो. मागे टायर आहेत ना?"

"टायर मागे आहेत. डोकं पुढून येतं."

समोर गाड्या गुरगुरत होत्या. त्यातला वानखेडे नावाचा यवतमाळचा पोरगा, त्याच कंप्युटर कंपनीतला, ओरडला, "काका, तुमच्या पाचटापायी माझं इंजिन तापून राहिलं ना!"

दामले शांतपणे वळणावर गेले आणि रस्त्यात आडवे झाले.

"झेंडा दाखवा!" शिर्के माझ्यावर खेकसले. पाहुणे घड्याळं बघत होते. मला दामल्यांचा मनापासून राग येत होता. पण माणूस आडवा पडलेला असताना वळण मोकळं आहे असं कसं सांगणार? झेंडा खालीच राहिला.

शेवटी शेजारच्या शेतातून कोरडं पाचट आलं. शर्यतवाल्यांनी, टायवाल्यांनी, सगळ्यांनी शिव्या घालत पोती भरली. दामले दुसऱ्या खांद्यानं धडकले. "चालेल."

मी झेंडा वर केला. दामले वळणाकडे पाठ करून माझ्याशेजारी उभे राहिले. शेवटच्या फेरीत वानखेडेचं मागचं चाक सरकलं. गाडी वळलीच नाही, सरळ आली. धप्प असा आवाज झाला आणि धुळीत सगळं गडप झालं.

"उठला का?" दामल्यांनी विचारलं. त्यांचे डोळे गच्च मिटलेले होते.

"दिसत नाही."

"उठला का, सांगा ना!" त्यांनी माझं मनगट असं आवळलं की मला कळ आली.

धुळीतून आधी खोकला आला. मग पाचटानं माखलेला वानखेडे आपल्या गाडीच्या नावानं खडे फोडत उभा राहिला.

"उठला," मी म्हणालो.

दामले गादीकडे न बघता थेट त्याच्याकडे गेले आणि त्याच्या कॉलरमधलं पाचट एकेक काडी करून वेचू लागले. "घरी फोन करा आधी."

"घरचे यवतमाळले राहते काका. त्यांना मालूमच नाही मी गाडी पळवतो म्हणून. इथं मी एकटाच असतो."

दामल्यांनी कॉलरमधली शेवटची काडी काढली. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी मला कधी चहा विचारला नव्हता.

"मग रात्री माझ्याकडे जेवायला या. आमटी-भात आहे. एकट्यासाठी टाकला तरी उरतोच."

वानखेडे हसला. "येतो ना. घरी कोण कोण असते तुमच्या?"

"आज तुम्ही," दामले म्हणाले.