एक रिव्हॉल्व्हर, सोबत एक हिंदी

कायदा सर्वांना सारखा असतो. तो कुठून कुठपर्यंत सारखा आहे, एवढे मात्र माणसाने वेळोवेळी विचारून घ्यावे लागते. १९६४ साली आखातातल्या देऱ्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे जाणाऱ्या हमदुल्लाला हे एका दिवसात चार वेळा विचारावे लागले. (हद्दींची नावे इथे दिलेली नाहीत. एक दिले की बाकीच्यांना राग येतो.)

हमदुल्ला हा देऱ्यातल्या एका व्यापारी पेढीतला कारकून. मूळचा दापोलीकडचा. टायपिंग चांगले, अरबी कामापुरती, आणि नियम पाळण्याची हौस उपजत. गावी असताना समोरून एकही गाडी येत नसली तरी तो बैलगाडीवाल्याला डाव्या बाजूने जायला सांगे.

एका गुरुवारी सकाळी अरबाबाने, म्हणजे मालकाने, त्याला आत बोलावले आणि टेबलावर कातडी म्यानातले एक जुने रिव्हॉल्व्हर ठेवले. ते मालकाच्या मरहूम वडिलांचे. वडील गेल्यावर ते मालकाने, म्हणजे धाकट्याने, ठेवून घेतले, म्हणून वरच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या थोरल्या भावाने नऊ वर्षे बोलणे टाकले होते. आता थोरल्याच्या मुलीसाठी धाकट्याच्या मुलाचे स्थळ गेले होते. थोरल्याचा निरोप आला होता, की शुक्रवारच्या नमाजाआधी बापाची वस्तू घरी आली तर निकाह, नाहीतर खलास.

"मी स्वतः नेलं तर भाऊ हत्यार घेऊन आला असं होईल," अरबाब म्हणाला. "मुलाने नेलं तर त्याहून वाईट. ज्याच्याजवळ रिव्हॉल्व्हर बघून कुणाला काहीच वाटणार नाही, असा माणूस पाहिजे. सगळ्या ऑफिसात तूच आहेस."

हमदुल्लाने हे प्रशस्तिपत्र मान लववून स्वीकारले. नोकरीच्या अकरा वर्षांत मिळालेले ते पहिलेच होते.

ड्रायव्हर शौकत हा श्रीवर्धनचा. ओहोटी लागलेली असेपर्यंत ओल्या वाळूवरून लँडरोव्हर पळवायची, भरती आली की आतल्या खाऱ्या माळावर घालायची, एवढाच त्याचा वाहतुकीचा नियम. हमदुल्लाने रिव्हॉल्व्हर म्यानासकट लुंगीत गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात घातले, डबा सीटखाली सरकवला आणि बिस्मिल्ला म्हटले.

पहिल्या हद्दीवर झावळ्यांच्या मांडवात एक पहारेकरी बसला होता. त्याने डबा उघडला, लुंगी सोडली आणि हमदुल्लाकडे कीव करून पाहिले. "झाकलेलं हत्यार चोराचं," तो म्हणाला. "इज्जतदार माणूस कमरेला लावतो. सगळ्यांना दिसेल असं."

म्यानाला पट्टा नव्हता. शौकतने आपला गमछा दिला. टेरिलीनच्या विजारीवर गमछा, गमछ्यात रिव्हॉल्व्हर आणि खिशाला शाईचे दोन पेन, असा इज्जतदार माणूस पुढे निघाला. आरशात बघून त्याला किंचित बरेही वाटले. हे त्याने शौकतला सांगितले नाही. शौकतने ते पाहिले होते.

दुसऱ्या हद्दीवरचा पहारेकरी त्याला बघून उठून उभाच राहिला. "आमच्या शेखांच्या मुलखात उघडं हत्यार? कुणाशी लढायला आलास?"

"कुणाशीच नाही, हबीबी. मागच्या हद्दीवर सांगितलं म्हणून..."

"मागच्या हद्दीवर माणसं राहतात का? झाक ते."

हमदुल्लाने ते शर्टाच्या आत घेतले. शर्ट पुढे आला. पहारेकऱ्याने फुगवट्याकडे बोट दाखवून विचारले, "हे काय आहे?" हमदुल्लाने क्षणभर विचार केला. काही नाही म्हणावे तर खोटे बोलणे. रिव्हॉल्व्हर म्हणावे तर झाकले कशाला?

"झाकलेलं रिव्हॉल्व्हर," तो म्हणाला.

"शाबास. यल्ला, नीघ." (या हद्दीत हत्यार दिसता कामा नये, परंतु ते झाकलेले आहे हे स्पष्ट दिसले पाहिजे, असा एकंदर आशय.)

तिसरी जागा म्हणजे चार मैलांची वाळू. ती दोन्ही बाजूंचे शेख आपलीच मानत, त्यामुळे तिथे पहारेकरी दोन होते. एक म्हणाला, बाहेर काढ. दुसरा म्हणाला, आत ठेव. दोघांत चहा झाला, मग वाद झाला, मग दोघांचे गाव एकच निघाले. तोवर भरती चढत आली आणि शौकतने इंजिन सुरू केले. अखेर असे ठरले, की मूठ बाहेर राहावी म्हणजे एकाचा मान राहतो, आणि नळी आत जावी म्हणजे दुसऱ्याचा. म्यान मधे येत होते, म्हणून ते काढून डब्यात टाकण्यात आले.

नळी आत म्हणजे विजारीत. ती चार मैल वाळू खड्ड्यांची होती.

"हमदुल्लाभाई, आरामात बसा ना," शौकत म्हणाला.

"मी कायद्यात बसलोय," हमदुल्ला म्हणाला. "आराम पुढच्या हद्दीत."

पुढच्या, म्हणजे चौथ्या हद्दीवर चुनेगच्ची खोली होती, टेबल होते आणि मुन्शी होता. शिक्का आणि शाई बघून हमदुल्लाला घरी आल्यासारखे वाटले. मुन्शीने नियम वाचून दाखवला: परक्या मुलखातल्या माणसाला हत्यार बाळगता येणार नाही.

"मग मी हे इथे ठेवून पुढे जातो आणि मालकाच्या थोरल्या भावाला पाठवतो," हमदुल्ला म्हणाला.

"हत्यार बिनमाणसाचं ठेवता येत नाही."

हमदुल्ला खुर्चीत बसला. अकरा वर्षांची नोकरी, एका मुलीचा निकाह आणि दोन भावांचे बोलणे एका कागदावर अडले होते, आणि कागद हा तर त्याचा प्रांत. त्याने दहा मिनिटे विचार करून विचारले, "रिव्हॉल्व्हर या मुलखातल्या माणसाच्या बापाचं आहे. म्हणजे ते इथलंच. ते घरी परत चाललंय. त्याच्यासोबत कोणी जायला हरकत आहे का?"

मुन्शीने नियम परत वाचला. हरकत नव्हती. परवाना रिव्हॉल्व्हरच्या नावे निघाला: 'एक रिव्हॉल्व्हर, रहिवासी. सोबत एक हिंदी.' परत जाताना हिंदी जमा करण्याचे कारण नाही, असाही शेरा होता. हमदुल्लाने मसुदा वाचून एक स्वल्पविराम सुचवला आणि तो मान्य झाला. त्या दिवशी त्याला इतका आनंद दुसऱ्या कशानेच झाला नाही.

असरच्या नमाजानंतर, उन्हं कलताना, ते थोरल्या भावाच्या घरी पोहोचले. म्हातारा ओट्यावर बसला होता. हमदुल्लाने रिव्हॉल्व्हर कमरेतून काढून दोन्ही हातांनी पुढे केले. म्हाताऱ्याने ते उघडले, चक्री बाहेर पाडली आणि तळहातावर उलटी केली.

सहा गोळ्या पडल्या.

भावाने नऊ वर्षांनी भरलेले रिव्हॉल्व्हर पाठवले, याचा एकच अर्थ त्या ओट्यावर होऊ शकत होता. हमदुल्लाच्या डोळ्यांपुढे चार मैलांचा प्रत्येक खड्डा स्वतंत्रपणे येऊन गेला. तो दोन्ही हात आपल्या मांड्यांवर ठेवून त्या जागेवर आहेत याची खात्री करू लागला.

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने गोळ्या एकेक करून उजेडात धरल्या. त्या हिरव्या पडल्या होत्या.

"बापाने भरलेल्या," तो म्हणाला. "सहाच्या सहा. एवढं भांडून नेलं, आणि नऊ वर्षांत गाढवाने उघडूनसुद्धा पाहिलं नाही." तो हसला, आणि हसताहसता त्याने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसले. "जा, सांग त्याला. जुम्म्यानंतर ये म्हणावं. मोकळ्या हाताने."

निकाह झाला. हमदुल्लाने त्या किनाऱ्याने जाणाऱ्या आपल्या माणसांसाठी एक तक्ता टाइप केला: कुठे दाखवावे, कुठे झाकावे, कुठे अर्धे, आणि कुठे रिव्हॉल्व्हरने हिंदीसोबत जावे. त्याच्या नऊ कार्बन प्रती देऱ्यात फिरल्या. लोक सल्ला विचारायला येत. ज्यांच्याजवळ चाकूसुद्धा नव्हता तेही येत.

पुढे हमदुल्ला ही हकीकत सांगताना शेवटी हिशेब देई. चार हद्दी, चार पहारेकरी, एक मुन्शी. सर्वांनी आपापला नियम चोख बजावला. परंतु ते भरलेले आहे का, हे एकानेही विचारले नाही. खुद्द त्यानेही नाही. इतके सांगून तो ऐकणाऱ्याकडे बघे.

वाचकहो, आपणही चारही हद्दी त्याच्यासोबतच ओलांडल्यात.