अट ऐच्छिक आहे

१९९९ साली तुळशीची लग्नं उरकली, तरी नारायणगावात वैजयंतीबाईंच्या ओट्यावर चपलांचा ढीग काही पडला नाही. एरवी त्या दिवसांत बाईंना दुपारी पाठ टेकायला फुरसत नसे. वीस वर्षं त्या वधू-वर सूचक मंडळ चालवत होत्या. मंडळ म्हणजे पुढची खोली, एक लोखंडी कपाट, एक मुलग्यांची वही, एक मुलींची वही आणि बाईंचं डोकं. कुणाचं देवक कोणतं, कुणाच्या मामाचं आडनाव काय, कुणाची सोयरीक कशावरून फिसकटली, हे वहीत नसायचं, डोक्यात असायचं.

त्या वर्षी मंचरला बाळासाहेब नावाच्या गृहस्थांनी नवीन मंडळ काढलं आणि दारावर पाटी लावली, ‘येथे संगणकाद्वारे स्थळे जुळविली जातील.’ त्या पाटीनं बाईंची निम्मी गिऱ्हाइकं ओढून नेली. मुलगे उरले एकवीस आणि मुली सोळा. त्यातच भोसरीहून पुतण्याचं, भरतचं पत्र आलं. ‘काकी, काका गेल्यापासून एकट्याच राहता. ते मंडळ आता बंद करा आणि इकडे या. एक खोली मोकळीच आहे.’ बाईंनी ती खोली पाहिली होती. खिडकी उघडली की शेजारच्या जिन्याची भिंत दिसायची आणि जिन्यावरून जाणारी माणसं आत डोकावून जायची. हा हंगाम कोरडा गेला तर पाडव्याला भोसरी, हे बाईंनी मनाशी ओळखलं.

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी त्यांच्या वयाच्या कुठल्याही बाईनं त्या पेठेत तोवर केली नव्हती. बंद पडलेल्या एका टायपिंग क्लासातून जुना कॉम्प्युटर आणि करकरणारा प्रिंटर त्यांनी उचलून आणला. पुण्याहून नवशिक्यांसाठीचं डेटाबेसचं मराठी पुस्तक मागवलं. त्याला खाकी कव्हर घातलं, वर कुंकवाचं बोट लावलं आणि रोज आंघोळ झाली की एक धडा, असा नेम धरला. एकापेक्षा जास्त नाही आणि मधला चुकवायचा नाही. पोथी वाचायची तर अशीच वाचायची, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं.

पुस्तकातली सगळी उदाहरणं कर्मचारी आणि विभाग यांची होती. एका तक्त्यात कर्मचारी, दुसऱ्यात विभाग. बाईंनी कर्मचाऱ्यांच्या जागी मुलगे घातले आणि विभागांच्या जागी मुली. दोन आठवडे एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत, नाव, गाव, शिक्षण, उंची, देवक असं सगळं भरलं. मुलींच्या वहीत पहिलं नाव होतं निमगाव साव्याच्या चांगदेवांच्या वृषालीचं, कारण तीन वर्षांपूर्वी नोंदवलेली ती एकटीच अजून वहीत होती. मुलगी गुणी, एका शीतगृहाच्या ऑफिसात कॉम्प्युटर ऑपरेटर. पण उंची पाच फूट नऊ इंच. तिच्याहून उंच मुलगा बाईंच्या वहीत नव्हता, म्हणून तीन वर्षांत बाईंनी तिच्याकडे एकही स्थळ धाडलं नव्हतं.

नववा धडा दोन तक्ते जोडण्याचा होता. आज्ञेचा नमुना चौकटीत दिला होता आणि शेवटच्या ओळीशी बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘अट (ऐच्छिक)’. बाईंनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. वीस वर्षं त्या दारात येणाऱ्या प्रत्येक आईबापाला सांगत आल्या होत्या की अटी घालू नका. नोकरीच पाहिजे, बागायतच पाहिजे, गोरीच पाहिजे, अशानं मुली घरात राहतात आणि मुलगे पारावर. कुणी ऐकत नव्हतं. आता पुण्यात छापलेलं पुस्तकसुद्धा तेच म्हणत होतं. बाईंचा त्या पुस्तकावर फार जीव बसला. त्यांनी अट वगळली आणि बटण दाबलं.

मशीननं तीनशे छत्तीस जोड्या काढल्या.

बाईंच्या वहीतून एका मुलीला चार-पाच स्थळं निघाली तरी पुष्कळ. इथं प्रत्येक मुलीला बरोबर एकवीस आली होती. एकवीस हा आकडा गणपतीचा, दूर्वांचा. प्रत्येक मुलग्याला सोळा आल्या होत्या. सोळा सोमवारांचा आकडा. शंका घ्यायला जागाच नव्हती. उंची आणि देवकाचे रकाने कागदाच्या रुंदीत मावेनात, म्हणून बाईंनी ते छपाईतून काढून टाकले. दोन्ही कडांना भोकं असलेल्या कागदांवर सदतीस याद्या निघाल्या. सोबतच्या पत्रात मुलाकडच्यांसाठी एकच मजकूर होता. ‘संगणकाने सुचविलेली स्थळे पाठवीत आहे. येत्या रविवारी मुलगी पाहण्यास जाण्यास हरकत नाही. मुलीकडे कळविले आहे.’ मंगळवारी सगळी पाकिटं टपालात पडली.

शनिवारी सकाळी येडगावचे गेणभाऊ आले. त्यांची मुलगी आरती आणि मुलगा सार्थक, दोघांची नावं मंडळात होती. गेणभाऊ खुर्चीवर बसले, पाणी प्याले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि खिशातून भोकांचा कागद काढला.

“बाई, आमच्या आरतीला एकवीस स्थळं आली. घरात लई आनंद झाला.”

“चांगलं झालं.”

“त्यातलं नववं स्थळ आमचा सार्थक हाय.”

बाईंनी कागद हातात घेतला. नाव बरोबर होतं, गाव बरोबर होतं, शिक्षणही बरोबर होतं.

“पोरगं निर्व्यसनी हाय, तसं काय म्हणणं न्हाई,” गेणभाऊ शांतपणे म्हणाले. “पण बघायला जायाचं म्हंजी ओटीवरनं सैपाकघरात. आरतीची आई म्हणली, एकदा इचारून या, मशिनीचं काय वेगळं शास्त्र असंल.”

बाईंनी त्यांना चहा पाजून, चूक झाली असेल, बघते, असं सांगून वाटेला लावलं आणि सगळ्या याद्यांच्या प्रती जमिनीवर पसरल्या. मग त्यांना दिसलं. ज्यांच्यात सोयरीकच होत नाही अशी एकाच देवकाची घरं एकमेकांसमोर मांडली होती. जी सोयरीक गेल्या वर्षी कुंकू लावून मोडली होती, ती पुन्हा सुचवली होती. एका मुलीच्या यादीत तिचा सख्खा मामा होता. मशीननं जुळवलं काहीच नव्हतं, सगळ्यांपुढं सगळे नुसते उभे केले होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, एकवीसच्या एकवीस मुलग्यांच्या यादीत पहिलं नाव एकच होतं. वृषाली, निमगाव सावा.

आपल्या भागातली माणसं बाईंना चांगली ठाऊक होती. पहिल्या नंबरचं दार सोडून दुसऱ्या नंबरच्या दाराशी कोण जाणार?

रविवारी सकाळी आठ वाजता बाई निमगाव साव्याच्या जीपमध्ये जाऊन बसल्या. निमगावच्या फाट्यावर उभं राहायचं आणि येईल त्याला तिथूनच परत फिरवायचं, असा त्यांचा बेत होता. पण जीप भरल्याशिवाय हलत नाही. हळूहळू भरत गेली, ती कडक इस्त्रीच्या टोप्यांनी आणि अत्तरानं. बाईंच्या उजवीकडे सावळाराम बसले, पारुंड्याचे, सोबत मुलगा. डावीकडे येडगावचा सोमाजी आणि त्याची आई बायडाबाई. सावळारामांनी बाईंना बघून नमस्कार केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की कॉम्प्युटरनं आमच्या पोराला पहिल्याच नंबराला चांगदेवाची पोरगी काढली.

“आमाला बी पयलाच नंबर हाय,” बायडाबाई म्हणाल्या.

दोघांनी आपापल्या पिशवीतून कागद काढले. मागच्या बाकावर आणखी दोन कागद निघाले. मग सगळे बाईंकडे बघू लागले आणि बाई रस्त्यावरच्या टोमॅटोच्या गाड्या मोजू लागल्या.

फाट्यावर उतरायचा बेत बारगळलाच, कारण जीप थेट चांगदेवांच्या दारात जाऊन थांबली आणि तिथं आधीच चार घरांची माणसं बसलेली होती. दहापर्यंत अकरा घरं झाली. एकवीस नावांतून फार तर एखादंच घर येईल असं धरून चांगदेवांनी एका पाहुण्याची तयारी केली होती. पोहे दुसऱ्या घराला संपले. कपबशा शेजारून आणल्या, मग पलीकडच्या आळीतून आणल्या आणि शेवटी भजनी मंडळाचे पेले आले. कांदे वाळवायची ताडपत्री अंगणात अंथरली. इतकी पांढऱ्या टोप्यांची माणसं गप्प बसलेली पाहून रस्त्यानं जाणारे दोघे जण चपला काढून आत आले, चेहरा पाडून बसले आणि कधी झालं म्हणून हळूच विचारू लागले.

चांगदेवांनी बाईंना पडवीत गाठलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की हा काय पोरीचा लिलाव मांडलाय. त्यांची बायको साळुबाई मधे पडली. तिच्या कपाळावर घाम होता आणि हातात चहाची किटली.

“तीन वर्सं या उंबऱ्याला कुत्रं शिवलं न्हाई,” ती नवऱ्याला म्हणाली. “आज अकरा घरं आली तर तुमाला लाज वाटती. जावा, साखर आणा.”

तेवढ्यात वृषाली ट्रे घेऊन बाहेर आली. ताडपत्रीवरच्या सगळ्या माना आधी समोर वळल्या आणि मग वर. यादीत उंची नव्हतीच. पाच घरांना एकाएकी धारेची वेळ आठवली आणि ती चहा पिऊन उठली. सहा उरली. वृषाली ट्रे ठेवून बाईंपाशी आली, त्यांच्या हातातला कागद वर-खाली पाहिला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “मावशी, तुम्ही अट घातली नाही.”

“ऐच्छिक लिहिलं होतं.”

“नाही घातली तर काय होतं, तेही पुढच्या धड्यात लिहिलं असेल.”

“मी रोज एकच वाचते,” बाई म्हणाल्या.

आता कबूल करण्यावाचून इलाज नव्हता. बाई अंगणात उभ्या राहिल्या. वीस वर्षांची पत आता या ताडपत्रीवर संपणार आणि पाडव्याला त्या जिन्यासमोर जाऊन बसावं लागणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी सगळं सांगितलं. ही स्थळं जुळवलेली नाहीत, चूक माझी आहे, सगळ्यांना सगळी नावं गेलीत, पहिला नंबर म्हणजे काही नाही. प्रत्येकाला मी जाण्यायेण्याचं जीपभाडं देते.

मग सावळारामांनी पेला खाली ठेवला.

“बाई, एक इचारू का? चार वर्सं तुमी हातानं बघत व्हता, तवा आमच्या पोराला किती स्थळं धाडली?”

बाईंना आठवत होतं. “एक.”

“मशिनीनं सोळा धाडली. मंग चुकत कोण व्हतं?”

“तसं नाही, त्यात तुमच्या देवकाची घरंसुद्धा आहेत.”

“ती आमी वळखतो की. आमाला कळत न्हाई व्हय आमचं देवक? ती सोडून बाकीची बघू. तुमी चुकत असाल, राव, कॉम्प्युटर कशाला चुकंल?”

सगळ्यांना हे पटलं. बाईंनी आणखी दोनदा आपली चूक समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण लोक मशीनच्या बाजूनं इतके बोलू लागले की त्यांना खाली बसावं लागलं.

बघण्याचा कार्यक्रम मग रीतसर सुरू झाला. एकेक घर पुढे येऊन ठरलेले प्रश्न विचारत होतं. स्वयंपाक येतो का, शेतातलं काय काय येतं, नोकरी सोडणार का. वृषाली उत्तरं देत होती. शेवटी सोमाजीची पाळी आली. मोटारी दुरुस्त करणारा, हाताला ग्रीसचा वास, उंची पाच फूट पाच इंच. वहीतून बाईंनी त्याला जन्मात तिच्यासमोर बसवला नसता. त्यानं बराच वेळ विचार केला.

“वरच्या फळीवरचं तुमच्या हाताला येतं का?” त्यानं विचारलं. “मला दर टायमाला स्टूल लागतं.”

बायडाबाईंनी त्याला चिमटा काढला. वृषाली त्या दिवसात पहिल्यांदाच हसली. तिनं आईकडे पाहिलं, साळुबाईनं किटली खाली ठेवली आणि चांगदेवांना आत बोलावलं.

लग्न माघात झालं. हार घालताना सोमाजीच्या मामानं त्याला उचलायची घाई केली, तर वृषालीनंच मान वाकवली. बाकीच्या याद्यांवरून त्या हंगामात आणखी सात लग्नं ठरली. त्यातलं एकही बाईंनी वहीतून जुळवलं नसतं, असं त्या स्वतःच सांगत. गिऱ्हाइकं मंचरहून परत आली.

वृषाली लग्नानंतर दर बुधवारी मंडळात बसू लागली. पहिल्याच बुधवारी तिनं पुस्तकाबरहुकूम सगळं नीट लिहिलं. प्रत्येक घरानं सांगितलेली प्रत्येक अट तिनं घातली, एकही वगळली नाही. मशीननं शून्य जोड्या काढल्या. त्या दिवसापासून कामाची रीत ठरली. बाई एकेका बापाशी बोलून एकेक अट काढायला लावत आणि वृषाली तेवढीच मशीनमधून काढे.

गेणभाऊंच्या आरतीला ओतूरचं घर मिळालं. तिचा भाऊ सार्थक बरीच वर्षं घरात ‘नववं स्थळ’ म्हणून ओळखला जाई. सावळारामांच्या मुलाला त्या सोळांतली अकरावी मुलगी मिळाली आणि सावळाराम मरेपर्यंत कॉम्प्युटरचं नाव आदरानं घेत. चांगदेवांनी भजनी मंडळाला नवे पेले दिले, कारण त्या गर्दीत जुन्यांतले सहा हरवले ते हरवलेच. मंचरचे बाळासाहेब एकदा गुपचूप येऊन बाईंना विचारून गेले की तुम्ही प्रोग्राम कुठून लिहून घेतला. त्यांच्याकडे पाटी होती, मशीन मात्र कधीच आलं नव्हतं.

भरत दर दिवाळीला काकींना न्यायला यायचा आणि जेवून परत जायचा. २००८ साली आला तेव्हा त्याच्या हातात थोरल्या मुलीचा फोटो होता आणि एका फुलस्केपवर लिहून आणलेल्या चौदा अटी. बाईंनी त्या मन लावून वाचल्या, पेन काढलं आणि त्याला समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. संध्याकाळी तो गेला तेव्हा तीन उरल्या होत्या. भोसरीच्या खोलीचा विषय मात्र त्यानं त्यानंतर कधी काढला नाही.