भानुतात्या आणि बोरमाळची गाडी

आमच्या पाथर्डीत पुढाऱ्याचं तोंड बंद करायची हिंमत एकाच माणसात आहे, भानुतात्यांत. आणि तेही चमच्यानं! स्टँडसमोरच्या हॉटेलात कुणी फार लांबण लावली की तात्या पाण्याच्या ग्लासावर चमचा एकदा आपटतात. म्हणजे थांब. दोनदा आपटला की चल, नीघ. उभा जन्म लाल गाडीवर कंडक्टरकी केली. घंटीची दोरी सुटली, खोड काही सुटली नाही.

हॉटेलात पितात नुसता चहा, पण नावं ठेवतात मिसळीला. "ह्यो रस्सा तिसगावपतुर बी पोचायचा न्हाई," म्हणतात. मी म्हटलं, तात्या, खाऊन तरी बघा. तर म्हणे, "वासावरनं कळतंय. आमी तालुक्या-तालुक्याची भजी खाल्ल्याती, गाडी न चुकवता!"

सगळ्यात राग भाऊसाहेबांवर. भाऊसाहेब म्हणजे जिल्हा परिषदेचे कायमचे उमेदवार. "बिनतिकिटाचा गडी! दर इलेक्शनला गाडी बदलतो, अन् वर खिडकीच पायजे!" हे तात्यांनी त्यांच्या तोंडावर ऐकवलं होतं. आम्ही तेव्हा पोट धरून हसलो.

पुढं दिवाळी झाली. ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या आणि डोंगरातली बोरमाळ वाडी ओस पडली. राहिले म्हातारेकोतारे. बोरमाळची सकाळची गाडी रिकामी यायला लागली, आणि ती आता बंद होणार अशी बातमी आली. तात्यांचा चहा तसाच गार झाला. उठले, नारळ घेतला आणि थेट भाऊसाहेबांच्या दारात!

भाऊसाहेब कच्चा गडी थोडाच? "गाडीचं बघतो," म्हणाले, "पण तात्या, सभेत तुम्ही माझ्यासाठी बोलायचं."

आणि तात्या बोलले की हो! भर बाजारात, फेटा बांधून. "भाऊसाहेबांनी आजपतुर काय बी केलं न्हाई. म्हंजी त्यांचं काय चुकलं बी न्हाई. मत द्या!" लोक हसून लोळले. मला मात्र मनापासून वाईट वाटलं. म्हातारा विकला गेला, असं मी हॉटेलात चारचौघांत बोललोसुद्धा.

गाडी राहिली. दुसऱ्याच दिवशी तात्यांना जाब विचारायचा म्हणून मी त्यांना सकाळी स्टँडवर गाठलं. बोरमाळची गाडी लागली. तात्यांनी कंडक्टरबाईंकडून कापडात बांधलेला डबा घेतला आणि बाकावर मांडी ठोकली.

"तात्या, ह्या डब्यापायी फेटा बांधलात? आहे कुणाचा?"

"बोरमाळच्या सगुणाबाईच्या सुदामचा. हितं शिकायला हुता तवापासनं माझ्याच गाडीत यायचा."

"सुदाम? तो तर सुरतेला जाऊन पाच-सहा वर्षं झाली!"

"व्हय. पर म्हातारी इसरती ना. पोरगं हितंच शिकतंय म्हनती. एकदा समजावलं, तर लई रडली. दुसऱ्या दिशी डबा आलाच." तात्यांनी भाकरी मोडली. "गाडी बंद झाली आसती तर वाटंला येऊन बसली आसती. पोरगं उपाशी हाय म्हनून."

तात्यांनी एक घास माझ्यापुढं धरला. वांग्याच्या भाजीत मिठाचा कण नव्हता. मी म्हटलं, हॉटेलातून मीठ आणतो.

"बस खाली! आईच्या भाजीला नावं ठिवत्यात व्हय?"

मिसळीला वासावरून नापास करणारा हा माणूस ती अळणी भाजी पुसून खात होता. तात्यांची बायको, आमच्या काकी, वारल्यापासून त्यांच्या घरात चूल पेटलेली नाही, हे मला माहीत होतं. माझ्या जिभेला काही हाड नाही, पण त्या दिवशी माझी मलाच लाज वाटली.

तात्यांनी नळावर डबा घासला, कापडात तसाच बांधला. परतीची गाडी निघायच्या बेतात होती. सत्तरीचा म्हातारा लगबगीनं दारापाशी गेला आणि कंडक्टरबाईंच्या हातात डबा देत म्हणाला, "बाई, आईला सांगा, पोरगं पोटभर जेवलं."