जांघप्रांताची मोहीम

श्री वज्रेश्वरी प्रसन्न. शके एकोणीसशे अठ्ठावीस, व्यय संवत्सर, वैशाखमास. मौजे कामतघर, प्रांत भिवंडी येथील यंत्रमागांचे धनी, राजमान्य राजश्री तुळशीरामशेट यांचे जांघेत यीस्ट नामे बुरशीने ठाणे दिले, तो गनीम कैसा उठविला, त्याचे वर्तमान यथामती लिहितो. ज्यांस हसू येईल त्यांनी आधी आपली जांघ पाहावी.

चिरंजीव देवेश यांचे लग्न समीप आले होते, आणि हळदीस वरबापाने भर मांडवात पाटावर मांडी घालून बसावे ऐसा रिवाज, आणि शेटांस तर घडीभर हात आवरेना. साखरपुड्यास हात नको तेथे गेला, तो सोयऱ्यांनी पाहिला, आणि तेव्हापासून शेटांस अन्न गोड लागेना.

मग मसलत जाहली. मेहुणे महादू यांनी स्वतः वापरून अर्धी उरलेली जालीम ट्यूब नजर केली. ती चोपडताच आग शमली, आणि शेटांनी फत्तेचे पेढे वाटिले, आणि मग गनीम दुप्पट फौजेनिशी परतोन मुलूख लालेलाल करता जाहला. मग शेट वज्रेश्वरीस गेले, गरम कुंडात डुंबले, आणि अंगावरची पॉलिस्टरची चड्डी तैसीच ओली ठेवोन मोटारीत बसोन आले. कापड आपल्या मागांवरचे, परक्याचे अंगास लावणे नाही, हा त्यांचा पण. गनिमास याहून बरी छावणी कोठे मिळावी?

अखेर कुटुंब जानकीबाईसाहेब यांनी मोहीम हाती घेतली आणि डॉक्टर माधवी यांजकडे कूच करविले. "बाईमानूस हाय, तिला काय दाखवू?" ऐसे शेट कुरकुरले.

"मांडवान सगल्या गावाला दाखवनार, त्यापरीस तिला एकलीला दाखवा."

शेट मोटारीत जाऊन बसले. डॉक्टरबाईंनी मुलूख पाहिला, रक्तातील साखर तपासविली, चालू गोळ्यांची चौकशी केली, आणि हुकूम फर्माविले ते ऐसे, की महादूची ट्यूब टाकोन द्यावी, तीत स्टेरॉइड नामे फितूर आहे, तो आग दडवितो आणि गनिमास दार उघडितो. प्रांत धुवोन, कोरडा करोन, मग दिलेले मलम पातळ लावावे. खाज थांबली तरी मुदत पुरी होईतो मोहीम मोडू नये. आणि पॉलिस्टर सोडोन सैल सुती चड्डी घालावी. हे शेवटले ऐकोन शेटांचे डोळे भरोन आले.

मग खाज थांबली, आणि शेट मलम विसरू पाहात, आणि बाईसाहेब न्हाणीच्या दाराशी पहारा देत.

"खाज गेली म्हंजे रोग गेला न्हाय. लावलं का?"

"लावलं."

"पुसून लावलं का?"

शेट पुन्हा आत गेले.

हळदीचा दिवस उगवला. धवलारीण लग्नाचे धवले गाऊ लागली, आणि शेट पाटावर बसले, आणि सोयरे टक लावोन पाहते जाहले, आणि शेटांचे दोन्ही हात गुडघ्यांवरोन तिळभर हलले नाहीत. शेजारी महादू मात्र चुळबुळत होते. ते कानाशी लागले.

"दाजी, तुमची नवी ट्यूब द्या ना जरा."

शेटांस त्यांची मनापासून दया आली. "ट्यूब न्हाय भेटनार. डॉक्टरबाईकडं जा," ऐसे बोलोन त्यांनी चहूकडे पाहिले, आणि आवाज उतरविला. "आनि चड्डी सुती घे. आपल्याकडची नको."

येणेप्रमाणे जांघप्रांत फत्ते जाहला. आपल्या मालाची बदनामी आपल्याच मुखे करावी, याहून थोर मर्दुमकी भिवंडी प्रांती कोणी केल्याचे ऐकिवात नाही.